गुणे सरांची वही

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जाऊन कुणालाही विचारा, "गुणे सर कुठे राहतात?" तो हातातलं काम टाकून घरापर्यंत सोडायला येईल. त्यांचं खरं आडनाव विचारलंत, तर मात्र डोकं खाजवील. 'गुणे' हे आडनाव त्यांना गावाने दिलंय. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास नि मराठी शिकवलं, पण आडनाव पडलं ते पोरांना दिलेल्या गुणांवरून नव्हे. पोरांना ते गुण देतच नसत. मला नववीच्या सहामाहीत इतिहासात १०० पैकी ३४ मिळाले होते. एका गुणासाठी वडील शाळेत गेले, तर सर म्हणाले, "अहो, तुमच्या चिरंजीवांनी सातारच्या थोरल्या शाहूंना कोल्हापूरला नेलंय आणि तिथे वसतिगृहं काढायला लावलीत. एक गुण मी देईनही, पण मग अजिंक्यताऱ्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

तर पोरांच्या बाबतीत सरांचा हात असा आखडता. सर गुण वाटतात ते पंतप्रधानांना.

त्यासाठी त्यांची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, शाळेच्या हजेरीपटासारखी. 'सारखी' म्हणायचं ते सरांच्या वयाला मान देऊन. पानांवर रकाने आखलेत : लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक, अक्षर व टापटीप, वर्तणूक, एकूण, शेरा. 'लेखी' म्हणजे अर्थसंकल्प आणि कायदे. 'तोंडी' म्हणजे १५ ऑगस्टचं लाल किल्ल्यावरचं भाषण. 'प्रात्यक्षिक' म्हणजे युद्ध, दुष्काळ, महापूर. 'अक्षर व टापटीप' म्हणजे आजकाल ज्याला प्रतिमा म्हणतात ती. टोपी, जाकीट, गुलाबाचं फूल, केसांतली पांढरी बट, निळी पगडी, सगळं तिथे. सर म्हणतात, "उत्तर चुकलेलं असलं तरी सुवाच्य असेल तर तपासणाऱ्याचा हात सैल सुटतो. हे पोरांना कळायला दहावी यावी लागते, पुढाऱ्यांना उपजतच कळतं."

वहीचा जन्म २७ मे १९६४ चा. त्या दिवशी नेहरू गेले. सर तेव्हा चोवीस वर्षांचे होते, नोकरीला दोन वर्षं झाली होती. नेहरूंना त्यांनी पहिल्याच पानावर ८५ दिले. माणूस गेल्यावर वाद मिटतो असं म्हणतात. पण नेहरूंचे गुण गेल्या साठ वर्षांत जितक्या वेळा वरखाली झाले, तितके जिवंत माणसाचेही झाले नसतील. कुणी धरणं नि आयआयटी काढल्या की वाढतात, कुणी १९६२ चं चीन काढलं की उतरतात. त्या पानावर एवढी खाडाखोड झालीय की कागद झिजून भोक पडलंय आणि त्यातून पलीकडच्या पानावरचे शास्त्रीजी दिसतात.

मधे गुलझारीलाल नंदा आहेत. १९६४ आणि १९६६ असे दोनदा, दर खेपेला तेरा दिवस. त्यांना गुण नाहीत. शेरा एवढाच : 'ऑफ तासाला पाठवलेले. वर्ग शांत ठेवला.'

शास्त्रीजींना सुरुवातीला टापटिपीत १० पैकी ३ होते. उंची कमी, आवाज बारीक, धोतर साधं. पुढे १९६५ च्या युद्धात हाच माणूस एकदम उंच दिसायला लागला आणि त्या तिनाचे सरांनी दहा केले. अन्नटंचाईत शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. ते व्रत सर अजून पाळतात. सोमवारी रात्री त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि वर ताक असतं. मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "शास्त्रीजींनी जेवण सोडायला सांगितलं होतं. फराळाबद्दल ते काही बोलल्याचं माझ्या वाचनात नाही."

इंदिराबाईंची पानं सर्वांत जास्त. १९६६ साली तोंडीला १० पैकी २. त्या वेळी लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं होतं आणि सरांचं वाचन दांडगं. १९७१ च्या डिसेंबरात एकूण १०० पैकी ९८. "दोन कुठे कापले?" "शंभर दिले असते तर पुढच्या वर्षी काय देणार होतो?" मग येतो जून १९७५, आणि वहीतली शाई एकदम संपते. आणीबाणीतले गुण शिसपेन्सिलीने लिहिलेत. त्यातही 'वर्तणूक' या रकान्यात 'उत्तम' हा शब्द एवढ्या ठसठशीत अक्षरात आहे की रस्त्यावरून जाणाऱ्या हवालदाराला खिडकीतून वाचता यावा. मार्च १९७७ मध्ये बाई रायबरेलीत पडल्याची बातमी आकाशवाणीवर आली, त्या रात्री सरांनी खोडरबर घेतलं आणि लाल शाईने लिहिलं : 'वर्तणूक अत्यंत वाईट. पालकांना भेटायला पाठवावे.' पालकांचं पान आपण तेरा वर्षांपूर्वीच बंद केलंय, हे लक्षात आल्यावर शेवटचं वाक्य पुन्हा खोडलंय. १९८० साली बाई परत निवडून आल्या, तिथे शेरा आहे : 'पुनर्परीक्षार्थी. जिद्द वाखाणण्यासारखी.' आणि ३१ ऑक्टोबर १९८४ च्या पानावर फक्त तारीख. त्या दिवशी सर रेडिओजवळून उठले नाहीत आणि रात्री जेवले नाहीत. फराळसुद्धा केला नाही.

खरी पंचाईत झाली मोरारजींची. मराठी माणसाच्या वहीत मोरारजींचं पान आधीपासूनच काळं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, गोळीबार झाले, माणसं मेली. सर तेव्हा सोळा वर्षांचे होते, मोरारजींच्या नावाने साताऱ्याच्या रस्त्यांत घसा बसेपर्यंत ओरडले होते. आणि १९७७ मध्ये तेच मोरारजी पंतप्रधान झाले, तेही सरांनी जनता पक्षाला दिलेल्या मतावर! सरांनी पंधरा दिवस विचार केला आणि लिहिलं : 'मागील गैरप्रकार नोंदीत आहे. एकूण ७०.' मी म्हटलं, "सर, सत्तर?" म्हणाले, "अरे, आपणच शिफारस करून घेतलेला विद्यार्थी. त्याला नापास करायचं म्हणजे शिफारस करणाऱ्यालाच नापास केल्यासारखं." त्याच पानावर समासात एक गणित आहे. मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. सबब, पंतप्रधान झाले तेव्हा वयाने ८१, वाढदिवसांनी १९. प्रात्यक्षिकाच्या रकान्यात नुसती फुली आहे. मोरारजींच्या शिवांबूचा विषय सरांच्या पत्नीसमोर, म्हणजे काकूंसमोर, काढायचा नाही, असा घरात नियम आहे.

त्यानंतरची काही पानं सर भराभर उलटतात. चरणसिंग : 'परीक्षेला बसले, पण लोकसभेच्या वर्गात पाऊल टाकलं नाही.' विश्वनाथ प्रताप सिंग : 'मंडलचा पेपर फोडला. सगळा वर्ग अजून तोच सोडवतोय.' चंद्रशेखर : 'लाल किल्ल्यावर चढायची वेळ आली नाही. तोंडीला गैरहजर.' देवेगौडा : 'वर्गात डुलकी.' एक पान मधेच वेगळ्या रंगाच्या कागदाचं आहे. वर मथळा : 'मराठी माध्यम.' त्याखाली पहिलं नाव यशवंतराव चव्हाणांचं. हिमालयाच्या हाकेला धावून गेलेला आमच्या जिल्ह्याचा सह्याद्री, १९७९ मध्ये उपपंतप्रधानपदापर्यंत पोचला नि तिथेच थांबला. आणखी दोन-तीन नावं आहेत, ती सर हाताने झाकतात. शेरा सगळ्यांना मिळून एकच : 'हुशार. पण १७ नंबरचा फॉर्म वेळेत भरत नाहीत.'

राजीव गांधींना १९८४ च्या डिसेंबरात टापटिपीत १० पैकी १० आहेत. पण ते अक्षर सरांचं नाही, काकूंचं आहे. काकूंनी वहीत केलेली ही एकमेव नोंद. एरवी काकूंचा या परीक्षामंडळावर विश्वास नाही. त्यांची पद्धत वेगळी आहे. पंतप्रधान कुठलाही असो, त्या कांदा हातात घेतात आणि भाव विचारतात. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, सरांनी वाजपेयींना प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी दिले नि कट्ट्यावर कंदी पेढे वाटले. त्याच वर्षी पाऊसकाळ संपता संपता कांदा कडाडला. सर जेवायला बसले, ताटात वांग्याचं भरीत होतं, त्यात कांदा नव्हता. सरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "अणुबॉम्ब चिरून घालू का?" सरांनी मुकाट्याने भरीत संपवलं आणि रात्री वाजपेयींचे पाच गुण कापले.

तोंडीच्या रकान्यात मात्र वाजपेयींना कधी धक्का लागला नाही. त्यांचे पॉझसुद्धा सर घड्याळ लावून मोजत. २००४ मध्ये सरांनी त्यांना ८८ दिले होते, टीव्हीवर सगळा देश चमकत होता, आणि निकाल लागला तो उलटा. सरांच्या चाळीस वर्षांच्या परीक्षकगिरीत आपला निकाल आणि बोर्डाचा निकाल इतका वेगळा कधी लागला नव्हता. त्यांनी वाजपेयींचे गुण बदलले नाहीत. खाली नवं नाव लिहिलं, 'मतदार', आणि त्यांना ३५ दिले.

चार वर्षांपूर्वी मी ती वही एका रात्रीपुरती घरी मागून आणली. माझ्या डोक्यात वेगळाच किडा होता. मी गुणांसमोर सरांच्या घरातल्या तारखा मांडत गेलो. १९९७ साली गुजराल यांना ७८. शेरा : 'परराष्ट्र धोरण उत्तम, शेजाऱ्यांशी सलोखा.' त्याच वर्षी केंद्राने पाचवा वेतन आयोग मान्य केला होता, आणि केंद्राला मिळालं की राज्यालाही मिळणार, या हिशेबावर सरांनी घराला स्लॅब घातला होता. शेजाऱ्यांशी सलोखा तेव्हा गल्लीत तरी नव्हता. स्लॅबचं पाणी शेजारच्या घरात उतरत होतं. ज्या वर्षी मुलाची पुण्याची नोकरी गेली, त्या वर्षी पंतप्रधान काठावर पास. ज्या वर्षी नात झाली, त्या वर्षी त्याच माणसाला प्रथम श्रेणी.

दुसरा धागा त्याहून ठळक निघाला. खुर्चीवर असताना जो काठावर असतो, तो गेला की वर जातो. नरसिंह रावांना १९९६ मध्ये ३८ होते. तोंडीत १० पैकी २, कारण हा माणूस सतरा भाषांत गप्प बसतो, अशी तेव्हा कट्ट्यावर थट्टा चाले. २००४ च्या डिसेंबरात राव गेले. कुठल्याशा मृत्युलेखात सरांनी वाचलं की रावांनी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली होती. सर हादरले. "अरे, आपट्यांना तेलुगूत नेणारा माणूस! दोनदा आपल्या रामटेकचा खासदार! आणि मी त्याला तोंडीत दोन दिले!" त्या रात्री हिरव्या शाईत १५ गुण वाढले. पुढे १९९१ चा अर्थसंकल्प आठवून आणखी वाढले. २०२४ मध्ये रावांना भारतरत्न जाहीर झालं, तेव्हा सर कट्ट्यावर म्हणाले, "दिल्लीने माझं मॉडरेशन मान्य केलं."

मनमोहन सिंगांचंही तसंच. २००९ मध्ये ७२, २०१३ मध्ये ३५. जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले, की आजच्या माध्यमांपेक्षा इतिहास माझ्याबाबतीत अधिक दयाळू असेल. सर उसळले, "ही तर उत्तरपत्रिकेच्या तळाला लिहिलेली विनंती! कृपया पास करावे, घरची परिस्थिती बेताची आहे!" २६ डिसेंबर २०२४ ला मनमोहन सिंग गेले. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो, तर वही उघडी, हिरवी शाई ओली आणि एकूण ७९. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तो इतिहासाचं नाव घेऊन गेला होता. इतिहासाचा मास्तर मीच ना?"

वही परत करताना मी धीर केला होता आणि पगार, स्लॅब, कांदा, नात, सगळी जंत्री सरांसमोर ठेवली होती. मला वाटलं, चिडतील. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"अरे गाढवा, तुला हे आत्ता कळलं? पेपर तोच असतो. तपासणाऱ्याचं पोट भरलंय की तो उपाशी आहे, त्यावर पाचदहा गुण इकडचे तिकडे होतात. मी दुपारच्या चहाआधीचे गठ्ठे नि चहानंतरचे गठ्ठे वेगळे ठेवायचो. तुझा नववीचा पेपर मी दाढ ठणकत असताना तपासला होता."

"म्हणजे माझे चौतीस...?"

"दाढ काढली असती तर चाळीस होते."

"मग आता तरी एक वाढवा, सर."

"पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली," सर म्हणाले आणि चष्मा लावला.

आता राहिलं चालू पान. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण कट्ट्यावर तेच पहिलं निघतं. आमच्या कट्ट्याचे २०१४ पासून दोन बाक झालेत. एका बाकावरचे मोदींना शंभर देतात, दुसऱ्या बाकावरचे शून्य. सर शंभरवाल्यांच्या बाकावर बसले की चाळीस म्हणतात आणि शून्यवाल्यांच्या बाकावर बसले की नव्वद. त्यामुळे दोन्ही बाक त्यांना समोरच्या बाकाचा माणूस समजतात. सरांचं म्हणणं असं, की भाषेच्या पेपरात आपण आयुष्यात कुणाला शंभर दिले नाहीत आणि ज्याने नाव-नंबर लिहिला त्याला शून्यही दिलं नाही. वहीत टापटिपीच्या रकान्यात मात्र १० पैकी १२ आहेत. एवढी काळजीपूर्वक आखलेली उत्तरपत्रिका आपण पाहिली नाही, असं सर म्हणतात. ही स्तुती की टोमणा, यावर दोन्ही बाकांचं अजून एकमत नाही.

नोव्हेंबर २०१६ च्या नोंदीपुढे दोन आकडे आहेत. ५०० आणि १०००च्या नोटा रात्री बंद झाल्या आणि सकाळी काकूंच्या तूरडाळीच्या डब्यातून पाचशेच्या तेवीस नोटा बाहेर आल्या. सरांनी 'काळा पैसा उघडकीस' म्हणून ९० दिले. काकूंनी तोंडी ० दिलं. बँकेच्या रांगेत पाय दुखल्यावर सरांनी सरासरी काढून ४५ लिहिले. २२ मार्च २०२० ला सगळा देश थाळ्या वाजवत होता, तेव्हा सरांनी गच्चीवरून शाळेची पितळी घंटा वाजवली (ती घरी कशी आली, हे हजेरीपटालाच विचारावं लागेल) आणि गल्लीतली चार पोरं सवयीने दप्तर घेऊन बाहेर आली. २८२, ३०३, २४० हे तीन निवडणुकांतले भाजपच्या जागांचे आकडेही समासात लिहून ठेवलेत. पण 'एकूण'चा रकाना कोरा आहे. तिथे शिक्का मारल्यासारखं एकच वाक्य : 'निकाल राखून ठेवला आहे.'

मागच्या संक्रांतीनंतर चार दिवसांनी सरांच्या दारात एक मुलगी उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कुठल्याशा जनमत चाचणीसाठी आली होती. मी योगायोगाने तिथेच होतो. देश आपलं मत विचारायला कधी येतो, याची सर साठ वर्षं वाट पाहत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, तिळगूळ दिला आणि घरात जाऊन कोट घालून आले.

"एवढ्या साताऱ्यातून मलाच कसं निवडलंत?"

"मतदारयादीत ठरावीक अंतर सोडून नावं उचलतात, आजोबा. शितावरून भाताची परीक्षा असते ना, तसं."

"हे शीत काढलंत, तर भात कच्चाच निघायचा," काकू आतून म्हणाल्या.

मुलीने प्रश्न वाचला. पंतप्रधानांच्या कामगिरीबद्दल आपण पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी की पूर्ण असमाधानी?

"कोणत्या विषयात?"

"एकूणच."

"एकूण म्हणजे बेरीज. बेरजेला आधी रकाने लागतात, बाळ," असं म्हणून सरांनी वही आणली.

नेहरूंच्या भोकातून शास्त्रीजी दाखवून होईपर्यंत पहिला चहा झाला. आणीबाणीतली शिसपेन्सिल दाखवताना दुसरा. मोरारजींच्या वाढदिवसांचं गणित तिने सरांच्या सांगण्यावरून स्वतः सोडवलं. नरसिंह रावांपाशी तिने सुपरवायझरला फोन करून सांगितलं की आज बाकीची घरं होणार नाहीत. चालू पान उघडलं तेव्हा टॅबची बॅटरी लाल झाली होती.

"तर आजोबा, या चारांतलं कुठलं टाकू?"

"'काहीसे समाधानी' म्हणजे किती गुण?"

"गुण नसतात."

"मग 'काहीसे असमाधानी' आणि ते, यांच्यात फरक किती गुणांचा?"

"यातलं एकच निवडायचं असतं हो."

"तसं कसं? लेखीत समाधानी असेन, प्रात्यक्षिकात नसेन. शिवाय आज सोमवार. मी रात्री जेवत नाही. उपाशी पोटी तपासलेला पेपर कडक जातो, तेवढी सूट धरावी लागेल. तू उद्या ये."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मला विचार गं. सिलिंडर केवढ्याला झालाय, ते लिही, आणि आमच्या कामवाल्या बाईला रेशन फुकट मिळतं, तेही लिही. दोन्ही लिही नि चौथ्या मिनिटाला मोकळी हो."

"पण यादीत तुमचं नाव नाही ना आजी. यांचंच आहे," मुलगी रडकुंडीला आली होती.

तिने टॅबकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, सरांच्या कोटाकडे पाहिलं. मग स्क्रीनवर बोट खाली खाली सरकवत नेलं. चार पर्यायांच्या तळाला एक पाचवा होता, तो वाचून दाखवायचा नसतो. मी तिच्या मागेच उभा होतो, म्हणून मला दिसला. 'सांगता येत नाही.' तिने त्यावर खूण केली, सरांच्या पाया पडली आणि गेली.

सरांना मी हे सांगितलं नाही. ते रोज पेपर उघडून निकालाची वाट बघत राहिले. महिन्याभराने एका सकाळी कट्ट्यावर पोचलो, तर दोन्ही बाक गप्प आणि मधे सर पेपर फडकावत उभे. चाचणीचा तक्ता छापून आला होता. रंगीत पट्ट्या, समाधानी एवढे, असमाधानी तेवढे. आणि सगळ्यांत खाली, बारीक टायपात, करड्या रंगाची एक चिंचोळी पट्टी. सरांचं बोट नेमकं तिच्यावर होतं.

"ही माणसं बघ! स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली. चौदा पंतप्रधान झाले, नंदा धरले तर पंधरा. आणि यांना अजून सांगता येत नाही! अरे, यांना शिकवलं कुणी?"

दोन्ही बाकांनी माना डोलावल्या. २०१४ नंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या करड्या पट्टीशेजारी, पेपरावरच, आकडा घातला : ३४.